अंकित कोण? : ‘वॉरलॉक’ या भूमिकेचा विचार

मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’ या नाटकातील आवाहनाच्या प्रसंगाची चर्चा करताना समीक्षकांचे लक्ष बहुधा मंत्रवर्तुळाकडे, लॅटिन मंत्राकडे आणि रंगमंचावर अवतरणाऱ्या भयंकर आकृतीकडे जाते. वास्तविक त्या प्रसंगाचे मर्म त्यानंतरच्या छोट्याशा संवादात आहे. आपल्या मंत्रसामर्थ्यानेच तू आलास ना, असे फॉस्टस विचारतो. आणि मेफिस्टोफिलीस त्याला सांगतो की मंत्र हे केवळ निमित्त होते, कोणी ईश्वराची निंदा करू लागला की त्याचा आत्मा हाती लागेल या आशेने आपल्यासारखे आपखुशीने येतात. बोलावणारा आणि बोलावला जाणारा यांच्यातील नाते या एका उत्तराने उलटेपालटे होते. १६०४ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या या नाटकाने उपस्थित केलेला प्रश्न असा : अंकित नेमका कोण? पुढे चोवीस वर्षांच्या करारात फॉस्टस या सामर्थ्याचा वापर क्षुल्लक करमणुकीसाठी करीत राहतो, ही त्या प्रश्नाचीच दुसरी बाजू होय.

याच प्रश्नाचा एक अर्वाचीन अवतार अनपेक्षित ठिकाणी आढळतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या अर्व्हाइन येथील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या संस्थेने नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध केला. इंटरनेटच्या द्वारे हजारो खेळाडू एकाच वेळी एकाच कल्पित जगात वावरतात, त्यासाठी दरमहा वर्गणी भरतात, एकमेकांशी बोलतात, भांडतात, टोळ्या करून राक्षसांशी लढतात, असे या खेळाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेल्याचे संस्थेने जाहीर केले होते. खेळात प्रवेश करतानाच प्रत्येकाला एक ‘क्लास’, म्हणजे व्यवसाय म्हणा किंवा वृत्ती म्हणा, निवडावा लागतो. आरंभी असे नऊ क्लास होते : योद्धा, धर्मयोद्धा, शिकारी, चोर, पुरोहित, शामान, जादूगार, ड्रुइड आणि वॉरलॉक. यांपैकी शेवटचा हा प्रस्तुत लेखाचा विषय. तो पाताळलोकातील राक्षसांना बोलावून त्यांच्याकडून काम करवून घेतो.

या नावाचा विचार प्रथम करावयास हवा. ‘वॉरलॉक’ हा शब्द प्राचीन इंग्रजीतील ज्या शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘शपथ मोडणारा’, ‘वचनाला खोटा ठरणारा’ असा होता. सैतानाशी संग करणारा पुरुष हा अर्थ त्याला नंतर चिकटला. मराठीत त्याला नेमका पर्याय सापडत नाही, आणि हे न सापडणे उद्बोधक आहे. आपला मांत्रिक भूत उतरवतो, बांधतो. गाव त्याला भिते, पण अडीअडचणीला त्याच्याकडेच जाते. चेटूक करणारा दुसऱ्याच्या वाइटावर असतो. अघोरी हा साधक आहे. त्याची स्मशानसाधना कितीही उग्र असली तरी तिचे अंतिम प्रयोजन मुक्तीचे असते. वॉरलॉक या तिघांचे मिश्रण असून तिघांहून वेगळा आहे. त्याच्यासाठी ‘आवाहक’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा. मात्र मराठी वाचकाच्या कानाला आवाहन म्हटले की पूजाविधी आठवतो. तेथे देवतेला सन्मानाने बोलवायचे आणि शेवटी विसर्जन करताना पुन्हा येण्याची विनंती करायची, अशी रीत आहे. वॉरलॉकच्या आवाहनात विनंतीला जागा नाही. आणि विसर्जन तर इतके कोरडे की दुसऱ्या राक्षसाला बोलावले की पहिला आपोआप नाहीसा होतो.

संगणकीय खेळाला साहित्यसमीक्षेच्या कक्षेत आणावे की नाही, या वादात येथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात, ज्या संहितेतून मार्ग काढण्यासाठी वाचकाला पाने उलटण्यापलीकडचे श्रम करावे लागतात तिचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला. हा श्रमाचा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे. मराठी समीक्षेपुरते सांगायचे तर न. चिं. केळकर यांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना या अनुभवाला चांगली लागू पडते. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो तेव्हा स्वतःचे भान न सोडता शिरतो, ही केळकरांची भूमिका. खेळाडू आपल्या पात्राचा उल्लेख प्रथमपुरुषी करतो, ‘मी मेलो’ असे म्हणतो आणि त्याच वेळी हाताशी ठेवलेला चहा पितो. कादंबरीच्या वाचकाची समाधी मात्र डोळ्यांची आणि मनाची असते, खेळाडूची हातांचीही असते. त्याला राक्षस बोलावला जाताना पाहायचे नसते. स्वतः बोलवायचा असतो. आणि बोलावण्यासाठी आधी सामग्री जमवायची असते.

ही सामग्री म्हणजे ‘सोल शार्ड’, आत्म्याचा तुकडा. २००४ च्या मूळ खेळात तो मिळविण्याची रीत अशी होती : शत्रू मरणाच्या टेकीला आला की वॉरलॉकने त्याच्यावर ‘ड्रेन सोल’ हा मंत्र धरायचा. मंत्र चालू असतानाच शत्रूने प्राण सोडला तर त्याच्या आत्म्याचा एक जांभळट तुकडा वॉरलॉकच्या पिशवीत येऊन पडतो. मंत्र लवकर धरला तर तो संपून जातो आणि शत्रू जिवंत राहतो; उशिरा धरला तर शत्रू आधीच मेलेला असतो आणि हाती काही लागत नाही. जो प्रतिपक्षी फारच दुबळा, ज्याला मारून अनुभवाचे वा प्रतिष्ठेचे गुण मिळत नाहीत, त्याचा तुकडा मिळत नाही. पण या अटीत बसणारा कोणीही चालतो. रानडुकराच्या आत्म्याचा तुकडा आणि रणांगणावर पाडलेल्या प्रतिपक्षाच्या खेळाडूच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाला बसलेल्या हाडामांसाच्या माणसाच्या पात्राच्या, आत्म्याचा तुकडा यांच्यात तिळमात्र फरक नाही. दोन्ही पिशवीत शेजारी शेजारी पडतात आणि दोन्हींची किंमत एकच.

फॉस्टसच्या कथेत एकच आत्मा आहे, तो त्याचा स्वतःचा आहे, आणि तो अमूल्य आहे म्हणूनच त्याचा सौदा भयंकर आहे. वॉरलॉकच्या कथेत आत्मे अगणित आहेत, सारे परक्यांचे आहेत, आणि ते सुटे पैसे झाले आहेत. येथे करारपत्राऐवजी जमाखर्चाची वही आली, असे म्हणता येईल. खेळाच्या रचनाकारांनी हा उपरोध जाणूनबुजून साधला असेल असे वाटत नाही. त्यांना बहुधा मंत्राला काही मोल असावे एवढेच हवे होते. परंतु संहितेत नियम एकदा आला की तो अर्थ निर्माण करतोच, रचनाकाराची इच्छा असो वा नसो.

त्यातच या तुकड्यांची आणखी एक गंमत होती. ते एकावर एक रचता येत नसत. प्रत्येक तुकड्याला पिशवीत स्वतंत्र घर लागे. इतर खेळाडू त्याच घरांत शस्त्रे, औषधी, विकण्याजोगा माल ठेवीत. वॉरलॉकची अर्धी पिशवी आत्म्यांनी अडलेली असे. त्यांच्यासाठी खास पिशव्याही मिळत, पण तेवढ्यासाठी एक साधी पिशवी सोडावी लागे. म्हणजे पापाचे ओझे हा वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा होतो. राक्षसांच्या साह्याने जगाला थरकाप आणणारा हा पुरुष प्रत्यक्षात पिशवीत जागा नाही म्हणून चिंतातुर असतो, हे चित्र एखाद्या विनोदी कथालेखकालाही हेवा वाटावे असे आहे.

आणि एवढे तुकडे लागत कशासाठी? येथे या भूमिकेचा दुसरा, अधिक अनपेक्षित पदर उलगडतो. पहिला छोटा राक्षस, इम्प, तुकड्याशिवाय येतो. पुढचे तुकडा घेऊन येतात. पण तुकड्यांचा मोठा खर्च राक्षसांवर होतच नसे. तो होई सोबत्यांवर. वॉरलॉक एक तुकडा खर्चून हिरवट दगड घडवी. तो ज्याच्याजवळ असेल त्याला संकटसमयी गमावलेले प्राणबळ काही अंशी परत मिळे. दुसऱ्या एका दगडात तो सोबत्याचा आत्मा आधीच राखून ठेवी, म्हणजे तो सोबती मेल्यावर जागच्या जागी उठू शके. तिसरा उपयोग असा की दोन सोबत्यांच्या मदतीने तो एक विधी करी आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, उशिरा आलेल्या खेळाडूला क्षणात जवळ आणी. त्या काळात मोठ्या मोहिमांत चाळीस खेळाडू एकत्र जात. प्रत्येकाला प्राणरक्षक दगड हवा. एका वेळी एकच घडवता येई. प्रत्येकाला एक तुकडा. त्यामुळे मोहीम संध्याकाळी असेल तर वॉरलॉक दुपारपासून कुठल्यातरी ओसाड माळावर एकटाच जनावरे मारीत फिरे. मग सर्वांच्या आधी मोहिमेच्या दारात हजर राहून एकेकाला बोलावून घेई, एकेकाच्या हाती दगड देई. पंगत बसण्यापूर्वी जो राबतो आणि पंगतीत ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्या वाढप्याची ही भूमिका आहे.

राक्षसांना अंकित करणारा हा आवाहक आपल्या गोतावळ्याचा अंकित होऊन बसतो. मार्लोच्या प्रश्नाला खेळाने दिलेले हे उत्तर मार्लोच्या मनातही आले नसते. फॉस्टसला सामर्थ्य एकाकी करते. त्याचे विद्यार्थी, सहाध्यायी शेवटच्या रात्री बाजूच्या खोलीत प्रार्थना करीत बसतात आणि तो एकटा उरतो. वॉरलॉकला त्याचे सामर्थ्य चाळीस जणांच्या सेवेला बांधते. लोक त्याला टोमणे मारतात, तो स्वतःचे प्राणबळ खर्चून मंत्रबळ मिळवतो तेव्हा ते भरून काढावे लागणारा पुरोहित कुरकुरतो. तरी त्याच्यावाचून कोणाचे चालत नाही.

खेळाच्या भूगोलातही हे दुटप्पी नाते कोरलेले दिसते. मानवांची राजधानी स्टॉर्मविंड. तेथे प्रकाशधर्माचे भव्य मंदिर आहे, जादूगारांची स्वतंत्र पेठ आहे. याच पेठेत ‘द स्लॉटर्ड लॅम्ब’, म्हणजे ‘कापलेले कोकरू’, नावाची खानावळ आहे आणि तिच्या तळघरात वॉरलॉक आपली विद्या शिकवतात. नावातच एक ख्रिस्ती प्रतिमा विटंबलेली आहे. शिवाय १९८१ च्या ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ या चित्रपटातील दारूच्या गुत्त्याचेही तेच नाव होते. ऑर्कांच्या राजधानीत त्यांचे स्थान ‘क्लेफ्ट ऑफ शॅडो’ या अंधाऱ्या घळीत आहे. सत्तेला ही विद्या हवी आहे, पण दारात नको आहे. युद्धात उपयोगी पडणाऱ्या आणि शांततेत अवघड वाटणाऱ्या माणसांना समाज जेथे ठेवतो, तेथेच ती ठेवली आहे.

ऑर्क वॉरलॉकच्या बाबतीत तर या भूमिकेला करुण गडद छटा आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉरक्राफ्ट : ऑर्क्स अँड ह्यूमन्स’ या पहिल्या खेळापासून वॉरलॉक ऑर्कांच्या सैन्यात होता, पुढे रचलेल्या कथेनुसार गुलदान हा त्यांचा आद्य वॉरलॉक. शामानांची निसर्गाशी नाते जोडणारी परंपरा सोडून त्याने राक्षसांची विद्या घेतली आणि आपल्या जमातीला मॅनोरॉथ या राक्षसाचे रक्त प्यायला लावले. सारी जमात त्यामुळे गुलाम झाली. २००२ मधील तिसऱ्या खेळात ग्रॉम हेलस्क्रीम हा वीर मॅनोरॉथला मारून व स्वतः मरून त्या शापातून जमातीला सोडवतो. म्हणजे येथे फॉस्टसचा करार एका व्यक्तीचा न राहता एका समूहाचा झाला आहे. या मुक्तीनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या खेळात जो खेळाडू ऑर्क वॉरलॉक होतो तो आपल्या वाडवडिलांच्या अपराधाचेच पुन्हा अनुष्ठान करतो. दुर्दैवाने संहिता त्याला याचा जाब क्वचितच विचारते. कथेने इतकी मोठी शक्यता पुढे ठेवावी आणि नियमांनी तिच्याकडे पाठ फिरवावी, हे या खेळाचे एक ठळक वैगुण्य होय.

कथा आणि नियम यांच्यातील ही फारकत राक्षसांच्या चित्रणात अधिक स्पष्ट होते. कथा कराराची भाषा बोलते. नियम जिंकण्याची भाषा बोलतात. दहाव्या पायरीवर ‘व्हॉइडवॉकर’ हा निळसर, धूसर देहाचा राक्षस मिळतो. त्यासाठी खेळाडूला तळघरातील मंत्रवर्तुळात त्याला प्रथम प्रकट करावे लागते, आणि प्रकट होताच तो अंगावर धावून येतो. त्याला हरवले की मग तो कायमचा अंकित होतो. पुढे विसाव्या पायरीवर ‘सक्युबस’ आणि तिसाव्या पायरीवर ‘फेलहंटर’ यांच्या बाबतीतही याच विधीची पुनरावृत्ती होते. येथे सौदा नाही, सही नाही, मुदत नाही. भारतीय तंत्रग्रंथांतील षट्कर्मांच्या चौकटीत पाहिले तर वॉरलॉकची विद्या फार वेगळी वाटत नाही : राक्षसाला दास करणे हे वशीकरण, त्याला काही काळ निश्चेष्ट करून ठेवणे हे स्तंभन, शत्रूला भयाने दिशाहीन पळवणे हे उच्चाटन, आणि शापांनी हळूहळू झिजवून मारणे हे मारण. षट्कर्मांतील शांतीला मात्र येथे काहीच समांतर नाही.

करार हा शब्द तेवढा एकाच्या तोंडी आहे. तो म्हणजे इम्प. हा हातभर उंचीचा, आगीचे गोळे फेकणारा राक्षस लढायला पाठवले की कुरकुरतो, हे काम आपल्या करारात नव्हते अशी तक्रार करतो, मालकाला एकट्याने एवढेही जमत नाही का म्हणून टोचून बोलतो. संस्कृत नाटकातील विदूषकाशी त्याचे नाते जवळचे आहे. राजाच्या सर्वांत निकट असलेला आणि राजाची सर्वांत कमी भीड बाळगणारा. भयानक आणि बीभत्स या दोन रसांवर उभारलेल्या या भूमिकेत हास्याचा शिडकावा करण्याचे काम त्याच्याकडे आहे. पण त्याचा विनोद नुसता विनोद नाही. ज्या नात्यात करार खरोखर नाही तेथे तो कराराचा हवाला देत राहतो, ही वेठबिगाराची जुनी युक्ती आहे. सक्युबसचे चित्रण मात्र त्या मानाने सवंग आहे. बाईच्या देहाचे भांडवल करण्याच्या पठडीपलीकडे ते गेले नाही. २०२१ मध्ये तिच्या जोडीला पुरुषरूप राक्षसाचा पर्याय देण्यात आला, त्याने तोल साधला असेल, खोली आली नाही. तसेच दुसऱ्याच्या राक्षसाला ताब्यात घेण्याच्या मंत्राच्या नावातील ‘गुलाम करणे’ हा अर्थाचा शब्द पुढे बदलून ‘अंमलाखाली आणणे’ अशा अर्थाचा करण्यात आला. शब्द बदलला, मंत्र तसाच काम करतो.

राक्षसांची नावेही सांगण्यासारखी आहेत. ती खेळाडू ठेवीत नाही. प्रथम आवाहन केले की संगणक अक्षरांच्या जुळणीतून एक नाव देतो आणि मग त्या वॉरलॉकचा तो राक्षस सदैव त्याच नावाने येतो. एवढ्या यांत्रिक उपायाने सुद्धा जिव्हाळा उत्पन्न होतो. अनेक वर्षे खेळलेल्यांना आपल्या पहिल्या इम्पचे नाव आठवते. पण जिव्हाळा एकतर्फीच राहतो. व्हॉइडवॉकरला मालक हवे तेव्हा खर्ची घालू शकतो. त्याच्या बलिदानातून मालकाभोवती काही क्षणांचे कवच तयार होते. थोड्या वेळाने, दुसरा तुकडा खर्चून, त्याला पुन्हा बोलावले की तो त्याच नावाने, त्याच खिन्न आवाजात हजर. मृत्यूची त्याला स्मृती नाही.

येथे वेताळकथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त समाविष्ट असलेली आणि ‘वेताळपंचविशी’ या नावाने मराठी वाचकांच्या पिढ्यांनी वाचलेली ही कथा मुळात आवाहनाचीच कथा आहे. क्षांतिशील नावाच्या भिक्षूला वेताळ वश करायचा आहे. त्यासाठी तो राजाला स्मशानातील शिंशपावृक्षावरचे प्रेत खांद्यावर टाकून आणायला सांगतो. ओझे वाहणारा एक, फळ घेऊ पाहणारा दुसरा. वाटेत प्रेतातला वेताळ गोष्टी सांगतो, कोडी घालतो, राजाचे मौन मोडतो आणि पुन्हा झाडाला जाऊन लटकतो. अखेरच्या कोड्याला राजाजवळ उत्तर नसते; तो मुकाट चालत राहतो. तेव्हा प्रसन्न झालेला वेताळ त्याला सावध करतो की भिक्षू तुझाच बळी देणार आहे. राजा भिक्षूलाच मारतो आणि वेताळ त्याला साह्याचे वचन देतो. वशीकरण ज्याने योजले त्याला वेताळ मिळत नाही. ज्याने रात्रभर ओझे वाहिले आणि त्याचे बोलणे ऐकले त्याला मिळतो.

या कथेच्या शेजारी ठेवले की वॉरलॉकच्या संहितेत काय उणे आहे ते लख्ख दिसते. तिच्यात ओझे आहे. पण ऐकणे नाही. राक्षसांजवळ सांगण्यासारखी गोष्ट नाही. ठरावीक आठ-दहा वाक्ये आलटून पालटून बोलली जातात. पहिल्या पायरीवरचा इम्प आणि साठाव्या पायरीवरचा इम्प यांच्यात बळाचा फरक पडतो, नात्याचा पडत नाही.

तरीही आवाहनातील धोक्याची जाण मूळ खेळात होती, हे मान्य करावयास हवे. आकाशातून अग्निगोलासारखा कोसळणारा ‘इन्फर्नल’ पाच मिनिटेच ताब्यात राही. त्यानंतर त्याला पुन्हा बांधले नाही तर तो मालकावरच उलटे. ‘डूमगार्ड’ला बोलावण्याचा विधी तर विलक्षण होता. वॉरलॉक आणि आणखी चौघे मिळून तो करावा लागे, आणि विधी पूर्ण होताच त्या पाचांपैकी कोणीतरी एक, कोण ते आधी कळत नसे, मरून पडे. आलेल्या राक्षसाला तत्काळ बांधले नाही तर तो उरलेल्यांवर चालून जाई. मित्रांना या विधीसाठी बोलावताना ही अट त्यांना आधी सांगायची की नाही, हा प्रश्न खेळाच्या नियमांत कोठेच नव्हता. तो खेळाडूंमध्ये आपोआप उद्भवे. न सांगणारेही पुष्कळ होते, आणि बळी पडलेला बहुधा हसतच उठे. नीतीचा प्रश्न असा हसत हसत अंगावर यावा, ही किमया छापील पुस्तकाला सहजी साधणारी नाही.

सप्टेंबर २००५ मध्ये तर रचनाकारांच्या हातूनही आवाहन निसटले. हक्कार या सर्पदेवतेशी लढताना खेळाडूंना होणारा, रणभूमीपुरताच मर्यादित असावा असा योजलेला एक रक्तदोषाचा रोग शहरांत पसरला. शिकाऱ्यांच्या पाळीव प्राण्यांप्रमाणेच वॉरलॉकच्या अंकितांनाही त्याची बाधा होई. मालकाने त्यांना अदृश्य केले की रोग जणू गोठून राही आणि शहरात पुन्हा बोलावले की जिवंत होई. कमी बळाची पात्रे रस्त्यांवर पटापट मेली. साथरोगांच्या अभ्यासकांनी पुढे या घटनेची दखल घेतली ती वेगळ्या कारणासाठी. साहित्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की विसर्जित केलेले खरोखर जात नाही, ही प्रत्येक मंत्रकथेतील जुनी ताकीद येथे कोणीही न लिहिता घडून आली.

२०१० मध्ये तुकड्यांची जुनी व्यवस्था मोडीत निघाली. आत्म्याचे तुकडे आता पिशवीत पडत नाहीत. पडद्यावर दिसणाऱ्या खुणा म्हणून ते लढाईत भरतात आणि खर्च होतात. ओसाड माळावरची दुपार गेली, पिशवीतील अडगळ गेली, जमवाजमव गेली. खेळ सुटसुटीत झाला यात शंका नाही. जो माणूस दिवसभर नोकरी करून रात्री दोन तास खेळतो त्याला हा बदल दिलासा देणारा होता आणि त्याची बाजू हलकी लेखता येणार नाही. पण राक्षसाला बोलावण्याची किंमत ज्या क्षणी कष्टातून गणितात गेली त्या क्षणी या भूमिकेच्या अर्थाचा मोठा भाग ओसरला. आर्सेथ ज्याला संहितेचा श्रम म्हणतात तो येथे अडथळा नव्हता, आशय होता.

२०१३ च्या मार्चमध्ये आलेल्या एका कथानकाने ही तूट काही अंशी भरून काढली, आणि वॉरलॉकच्या साऱ्या संहितेतील सर्वांत प्रौढ भाग म्हणून त्याचा निर्देश करावा लागेल. या कथेत सहा वॉरलॉकांचे एक मंडळ अधिक सामर्थ्याच्या शोधात वेगवेगळ्या दिशांना गेलेले आहे. त्यांपैकी जुबेका हिच्या मागावर खेळाडू ‘ब्लॅक टेंपल’ या जुन्या, ओस पडलेल्या दुर्गात पोहोचतो. येथे सोबती नेता येत नाहीत. ज्याने वर्षानुवर्षे चाळीसांची सेवा केली त्याला प्रथमच एकट्याने जावे लागते. दुर्गाच्या माथ्यावर केनरेथॅड आहे. राक्षसांना बोलावून समाधान न झाल्याने तो स्वतःच राक्षस होऊ पाहतो आहे. लढाईत तो एका प्रचंड राक्षसाला बोलावतो आणि खेळाडूला तो राक्षस आपल्या मंत्राने फोडून घ्यावा लागतो. केनरेथॅडचा सर्वसंहारक मंत्र त्याच राक्षसाच्या धडकेने मोडता येतो. आवाहकाने आवाहकाचे अंकित हिरावून घ्यावे, एवढ्यावर हे कथानक थांबत नाही. केनरेथॅड हरतो तेव्हा त्याची जुनी सहकारी जुबेका समोर येते. जो राक्षस झाला तो राक्षसांना बांधणाऱ्या मंत्रांच्या कक्षेत आला, एवढे साधे तर्कशास्त्र. ती त्याला बांधते. आपल्याला येथे असे सोडून जाऊ नकोस अशी त्याची आर्जवे मागे ठेवून ती निघून जाते.

‘अंकित कोण’ या प्रश्नाचे इतके स्वच्छ नाट्यरूप मार्लोनंतर क्वचितच आढळते. गोएथेने करार बाजूला सारून पैज आणली आणि अखेर फाउस्टला तारले. त्या महाकृतीचा पहिला भाग विंदा करंदीकरांनी मराठीत आणला आहे, त्यावरून मराठी वाचक हा फरक ताडून पाहू शकतो. केनरेथॅडला ना नरक आहे ना मुक्ती. त्याला त्याच्याच व्यवसायातील एका सामान्य मंत्राने जागच्या जागी अडकवले आहे. आणि विजयी खेळाडूला मिळते काय? त्याच्या अग्निमंत्रांचा रंग नारिंगीचा हिरवा होतो. बळात काडीचीही भर पडत नाही. राक्षसी विद्येचा रंग कथेत हिरवा असताना आपली आग इतरांसारखी नारिंगी का, अशी वॉरलॉक खेळणाऱ्यांची वर्षानुवर्षांची कुरकुर होती. ती येथे मिटली. इतक्या कष्टांचे फळ म्हणून केवळ एक रंग देणे हा रचनाकारांचा निर्णय काहींना कंजूषपणाचा वाटला. पण सामर्थ्याच्या हव्यासाने नष्ट झालेल्या माणसाची कथा सांगून झाल्यावर बक्षीस म्हणून सामर्थ्य दिले असते तर कथेचेच मातेरे झाले असते.

२००८ ते २०१६ या काळात वॉरलॉकला स्वतः राक्षसरूप घेण्याचा मंत्र उपलब्ध होता. नंतर तो काढून ‘डीमन हंटर’ या नव्या क्लासकडे सोपवण्यात आला आणि वॉरलॉकच्या वाट्याला पुन्हा बोलावणे आले. तेही आता एकट्यादुकट्याचे नव्हे, झुंडीचे. हातभर इम्प आज डझनाने येतात, काही क्षण आग फेकतात आणि विरून जातात. त्यांना नावाने ओळखण्याइतकी सवड कोणाला मिळत नाही. दृश्य दिमाखदार आहे. विदूषक मात्र गर्दीत हरवला.

ऑगस्ट २०१९ मध्ये मूळ खेळाची पहिली आवृत्ती ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा खुली करण्यात आली. खेळाडूंनी अनेक वर्षे तिची मागणी लावून धरली होती. तिच्यात आत्म्याचे तुकडे पुन्हा पिशवीत आले, एका घरात एक. मोहिमेच्या दिवशी वॉरलॉक पुन्हा दुपारपासून माळावर दिसू लागले. त्यांतील पुष्कळ जण पहिल्या फेरीच्या वेळी विद्यार्थी होते आणि आता संसारी, चाकरमाने झाले होते. वेळ त्यांच्याजवळ पूर्वीहून कमी होता. तरी ते रानडुकरांच्या मागे फिरले, मंत्र लवकर धरून चुकले, उशिरा धरून चुकले, पिशव्या भरल्या, आणि चाळिसांच्या आधी दारात येऊन उशीर करणाऱ्यांना एकेक करून बोलावू लागले.